किटलीचे जलरंगचित्र कसे पाहावे : नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शन

जलरंगातल्या एखाद्या किटलीसमोर, बादलीसमोर किंवा पाण्याच्या चंबूसमोर उभा राहिलेला नवा प्रेक्षक बहुधा दोनपैकी एक वाक्य बोलतो : "अगदी हुबेहूब आहे" किंवा "छान आहे, पण यात एवढे काय?" आणि पुढच्या चित्राकडे वळतो. यात त्याचा फारसा दोष नाही. निसर्गचित्रात मन रमवायला डोंगर असतात, व्यक्तिचित्रातला चेहरा आपल्याकडे पाहत असतो, प्रसंगचित्रात गोष्ट असते. किटलीजवळ यांतले काहीच नसते. रोज हाताळलेली वस्तू डोळा क्षणात ओळखतो आणि ओळख पटली की आपले काम झाले असे समजून तिथून निघतो. त्या निघालेल्या डोळ्याला थोडा वेळ थांबवून कशाकशाकडे वळवावे, ते इथे पायरीपायरीने सांगितले आहे.

जलरंगाचा एक गुण इथे फार कामाला येतो. तैलरंगात चित्रकार खालचा थर झाकू शकतो, नको ते खरवडून त्यावर नव्याने रंगवू शकतो. जलरंगात मात्र जवळजवळ प्रत्येक कृती कागदावर उघडी राहते. कोणता रंग आधी लागला आणि कोणता नंतर, कुठे कागद ओला होता आणि कुठे वाळलेला, कुठे हात ठाम होता आणि कुठे घुटमळला, हे सगळे वाळलेल्या कागदावर नोंदलेले असते. म्हणून जलरंगचित्राचा आस्वाद घेण्याचा मला भावलेला मार्ग एकच आहे : चित्र ज्या क्रमाने घडले तो क्रम उलगडत जाणे. वस्तू जितकी साधी तितके हे सोपे, कारण मध्ये गोष्ट आडवी येत नाही.

उदाहरणासाठी मी एकच चित्र घेतो. ते माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. साधारण २० बाय २८ सेंटीमीटरच्या कागदावर निळ्या इनॅमलची एक किटली आहे. तोटी डावीकडे, झाकण किंचित तिरपे बसलेले, तोटीच्या टोकाशी इनॅमलचा टवका उडालेला आणि मागे जवळजवळ रिकामी करडी पार्श्वभूमी. त्यावर चित्रकाराची सही नाही. तुम्ही तुमच्यासमोरचे कोणतेही चित्र घेऊ शकता.

आधी कुठे उभे राहायचे ते ठरवा

संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांची दालने मुद्दाम मंद प्रकाशाची ठेवतात. जलरंगांसाठी साधारण ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) आसपास प्रकाश ठेवण्याचा प्रघात आहे, कारण प्रकाशानेच हे रंग उडतात. बाहेरच्या लख्ख उजेडातून आत आलेल्या डोळ्याला त्यामुळे पहिले चित्र हमखास मळकट वाटते आणि घाईचा प्रेक्षक तो मळकटपणा चित्रकाराच्या नावावर मांडून मोकळा होतो. आत गेल्यावर पाच-सात मिनिटे नुसते फिरावे, डोळा स्थिरावू द्यावा आणि मगच निवडलेल्या चित्राशी यावे.

चित्र तीन अंतरांवरून पाहावे. दोन-तीन पावलांवरून संपूर्ण चित्र दिसते, हातभर अंतरावरून वस्तूची घडण दिसते आणि वीतभर अंतरावरून रंग, पाणी आणि कागद यांचे आपसातले व्यवहार दिसू लागतात. काचेत स्वतःचाच चेहरा दिसत असेल तर अर्धे पाऊल बाजूला सरकावे. तिरप्या कोनातून कागदाचा पोतही अधिक उठून दिसतो.

पडद्यावर चित्र पाहणार असाल तर एक युक्ती सांगतो, जी बालिश वाटेल पण उपयोगाची आहे. चित्राच्या माहितीत दिलेल्या मापाचा कागदाचा तुकडा कापून समोर ठेवा. फोनवर आणि मोठ्या पडद्यावर सगळी चित्रे एकाच आकाराची भासतात. प्रत्यक्षात ती किटली तळहाताएवढी आहे की खऱ्या किटलीएवढी, हे कळल्याशिवाय ब्रशचा एक फटका केवढा होता याचा अंदाजच येत नाही.

वस्तूचे नाव विसरा आणि डोळे किलकिले करा

पहिले मिनिटभर "किटली" हा शब्द बाजूला ठेवावा. डोळे अर्धवट मिटून पाहिले की तपशील विरघळतात आणि फक्त उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. ते तुकडे मोजावेत : सर्वांत गडद कुठे, सर्वांत उजळ कुठे, मधल्या छटेने किती जागा व्यापली आहे. माझ्या चित्रात खरोखर गडद अशा जागा तीनच आहेत. एक किटलीच्या बुडाखाली, दुसरी तोटीच्या तोंडात आणि तिसरी झाकणाच्या काठाखालची केसाएवढी रेघ. बाकी सगळे मधल्या आणि फिक्या छटांत चालते, आणि उजेडाकडच्या बाजूला तर निळी किटली व करडी भिंत जवळजवळ सारख्याच छटेच्या आहेत. डोळे उघडे असताना हे लक्षात येत नाही, कारण तेव्हा मेंदू "हे निळे, ते करडे" असे सांगत राहतो. छपाई किंवा पडदा हाताशी असेल तर चित्र उलटे करून पाहणे हाही तोच उपाय आहे.

पांढरे कुठे आहे आणि ते कसे आले ते शोधा

नव्या प्रेक्षकाने जलरंगाविषयी एकच गोष्ट शिकायची ठरवली तर ती ही शिकावी. जलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड, तिला कागदाशी धरून ठेवणारा बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक आणि पाणी. पाणी उडून गेल्यावर कागदावर रंगाचा इतका पातळ थर उरतो की प्रकाश त्यातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परततो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. जलरंगाला आतून उजळल्यासारखी जी झळाळी असते ती या जाण्यायेण्यामुळे. याचा परिणाम असा, की निव्वळ पारदर्शक पद्धतीच्या जलरंगात पांढरा रंग वापरलाच जात नाही. जिथे पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडावा लागतो, आणि तो रंगाचा पहिला थेंब पडण्याआधी ठरवून सोडावा लागतो. एकदा त्यावरून निळा थर गेला की ते पांढरे पुन्हा जसेच्या तसे मिळत नाही.

माझ्या किटलीच्या खांद्यावर करंगळीच्या नखाएवढी एक चमक आहे. लांबून तो पांढरा ठिपका वाटतो. वीतभर अंतरावरून पाहिल्यावर कळते की ते ठिपके दोन आहेत आणि त्यांच्यामधून निळ्याची एक बारीक फट गेली आहे. दोघांच्या वरच्या कडा सरळ आहेत आणि खालच्या कडा किटलीच्या पोटाबरोबर वाकल्या आहेत. म्हणजे चित्राबाहेर डावीकडे, वरच्या अंगाला खिडकी आहे आणि तिच्या मधोमध उभी पट्टी आहे. चित्रकाराने खिडकी काढलेली नाही. त्याने निळा वॉश, म्हणजे पाणी मिसळलेल्या रंगाचा पातळ थर, देताना दोन इवल्याशा जागांना वळसा घातला आणि त्यांच्यामधून ब्रशचे टोक एकदाच ओढले, एवढेच केले. हे टिपायला मला कित्येक महिने लागले, आणि ते दिसल्यापासून ती किटली माझ्यासाठी एका खोलीत ठेवलेली आहे.

प्रत्येक पांढरे मात्र सोडलेलेच असते असे नाही, आणि ते कसे आले हे ओळखण्यात मोठी गंमत आहे. सोडलेल्या कागदाची कडा स्वच्छ असते आणि तिचा पांढरेपणा चित्राच्या कोऱ्या हाशियाशी जुळतो. रंग लावून झाल्यावर ओल्या ब्रशने किंवा स्पंजने उचललेला उजेड मऊ कडेचा असतो आणि त्यात मूळ रंगाची पुसट झाक मागे राहते. वाफेने धूसर झालेला भाग किंवा धातूवरची मंद लकाकी अशी काढतात. चाकूच्या टोकाने खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उसवलेले असतात आणि बाजूने प्रकाश टाकल्यास ते लगेच दिसतात. मास्किंग फ्लुइड नावाचा रबरासारखा द्रव आधी लावून, वरून रंगवून मग तो सोलून काढलेला असेल तर त्या पांढऱ्याच्या कडा सगळीकडून सारख्याच कठीण आणि टोके बोथट असतात. शेवटी अपारदर्शक पांढरा : तो रंगाच्या वर बसलेला दिसतो, कागदाच्या खळग्या बुजवतो आणि बहुतेकदा आजूबाजूच्या कागदापेक्षा थंड, किंचित निळसर भासतो. जस्ताच्या ऑक्साइडपासून केलेला 'चायनीज व्हाइट' विन्सर अँड न्यूटन या इंग्लिश रंगकंपनीने १८३४ मध्ये बाजारात आणला आणि त्यानंतर असा पांढरा वापरणे पुष्कळ सोपे झाले.

काही कर्मठ जलरंगकार अपारदर्शक पांढऱ्याला लबाडी समजतात. मला हे पटत नाही. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०२ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध सशाच्या अंगावरचे कित्येक केस अपारदर्शक पांढऱ्याच्या रेषांनी उजळलेले आहेत आणि त्यामुळे तो ससा कुठे उणा पडलेला नाही. प्रेक्षकाने निवाडा करण्याची घाई करू नये. कोणते पांढरे कोणत्या मार्गाने आले एवढे ओळखता आले तरी पुष्कळ झाले.

कडांवरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा

वस्तूच्या बाह्यरेषेवर एका ठिकाणी नजर ठेवा आणि हळूहळू पूर्ण फेरी मारा. वाटेत कडा कुठे कठीण आहे, कुठे मऊ आहे आणि कुठे चक्क नाहीशी झाली आहे ते पाहा. ओला रंग कोरड्या कागदाला भेटतो तेव्हा कडा कठीण होते. ओल्या कागदावर पडतो तेव्हा तो पसरतो आणि कडा धुरकट होते. ब्रशमध्ये पाणी कमी असून तो खरबरीत कागदावरून झपकन ओढला तर रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि तुटक, चुरचुरीत कडा मिळते. म्हणजे प्रत्येक कडा त्या क्षणी कागदात किती पाणी होते ते सांगते.

माझ्या चित्रात तोटीची वरची कडा सुरीसारखी धारदार आहे. तिथून उजवीकडे झाकणावरून उतरत, मुठीला वळसा घालून सावलीच्या बाजूला आलो की किटलीची कडा करड्या पार्श्वभूमीत विरून जाते आणि दीड-दोन इंच तिचा पत्ताच लागत नाही. पुढे बुडाशी ती पुन्हा उगवते. तरीही किटली तिथे तुटलेली वाटत नाही, कारण हरवलेला तुकडा आपला डोळा स्वतःच भरून काढतो. अशी हरवलेली कडा दिसली की जरा थांबावे. सगळीकडे सारख्याच कठीण रेषेने बंद केलेली वस्तू कापून चिकटवल्यासारखी वाटते, आणि नवशिक्यांच्या चित्रांत ती बहुधा तशीच असते.

कडांपाशीच आणखी एक गोष्ट दिसते. वाळलेल्या वॉशच्या सीमेवर पुष्कळदा रंगाची गडद किनार असते. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडते, ती तूट भरायला मधले पाणी कडेकडे धावते आणि जाताना रंगाचे कण सोबत नेऊन तिथेच टाकते. पाण्याचा मोठा थेंब टेबलावर वाळला की त्याच्याभोवती कडे उमटते, तेच हे. जाणता चित्रकार या किनारीचा रेषेसारखा उपयोग करून घेतो.

याचा एक जुळा भाऊ आहे. अर्धवट वाळलेल्या थरात जास्तीचे पाणी शिरले की ते रंगाला पुढे ढकलत नेते आणि फुलकोबीसारखी दातेरी कडा असलेला डाग उमटतो. माझ्या किटलीच्या पोटावर असा एक डाग आहे. सुरुवातीची दोन-अडीच वर्षे मी पाहुण्यांना तो दाखवून सांगत असे की चित्रकाराने इनॅमलवरचा पाण्याचा डाग किती बारकाईने रंगवला आहे. जलरंगात काम करणाऱ्या एका मैत्रिणीने एकदा शांतपणे ते ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "अहो, हा रंगवलेला नाही. इथे त्याचा ब्रश ठिबकला." मी ओशाळलो, पण तिने पुढे जे सांगितले ते अधिक मोलाचे होते : डाग अपघाताने पडला असला तरी तो पुसून काढायचा की ठेवायचा हे चित्रकाराच्या हातात होते, आणि त्याने तो ठेवला. तेव्हापासून अशा जागी "हे मुद्दाम आहे का?" एवढ्यावर मी थांबत नाही, "हे का राहू दिले असेल?" असेही विचारतो.

कागद आणि रंगद्रव्य यांच्याकडे जवळून पाहा

जलरंगाचा कागद मुख्यतः तीन पोतांत येतो : गुळगुळीत हॉट प्रेस, मध्यम दाणेदार कोल्ड प्रेस आणि खडबडीत रफ. बारीक तपशिलाच्या चित्राला बहुधा पहिला प्रकार लागतो, तुटक ब्रशकामाला तिसरा. चांगल्या कागदाचा लगदा कापसाचा असतो आणि तो लगेच पाणी पिऊन टाकू नये म्हणून त्याला जिलेटिनसारखी खळ दिलेली असते. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद सर्रास वापरतात. त्याहून हलका कागद नीट ताणून न बसवता भिजवला तर तो लहरतो, आणि त्या लाटांच्या खोलगट भागात रंग साचलेला चित्रातही दिसतो.

रंगद्रव्यांचे स्वभाव तर फारच वेगवेगळे असतात. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात, त्यामुळे तो वाळल्यावर रवाळ दिसतो. याउलट थॅलो निळ्याचे कण अत्यंत बारीक असतात. तो सपाट, एकसारखा पसरतो, तंतूंत मुरतो आणि नंतर सहजी उचलता येत नाही. हे ओळखता आले तर कधी कधी काळाचाही अंदाज बांधता येतो : थॅलो निळा रंगाच्या बाजारात आला तो १९३० च्या दशकाच्या मध्यावर, त्यामुळे तो ज्या चित्रात आहे ते त्याआधीचे असू शकत नाही. कृत्रिम अल्ट्रामरीन मात्र फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त गिमे याच्या पद्धतीमुळे १८२८ पासूनच उपलब्ध होता. त्याआधी हा निळा लाजवर्द दगड कुटून काढत आणि तो फार महाग पडे.

किटलीच्या सावलीत नीट पाहिले तर करड्या रंगात निळे आणि तांबूस असे दोन वेगळे कण शेजारी शेजारी बसलेले दिसतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र केल्यावर असे होते. दोन्ही रंग एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत आणि वाळताना थोडे सुटे होतात. काळ्या रंगात पाणी घालून केलेल्या करड्यात अशी धुगधुगी नसते.

थर मोजा

आता आतापर्यंत जमवलेल्या खुणा एका ओळीत लावायच्या. पारदर्शक रंगाने गडदावर फिके येत नाही, म्हणून चित्र साधारणपणे फिक्याकडून गडदाकडे जाते. दोन थर एकमेकांवर चढले आहेत अशा जागा शोधा. जिथे वरच्या थराची कठीण कडा खालच्या थरावरून गेलेली दिसते तिथे खालचा आधी वाळला होता. माझ्या किटलीत मला चार फेऱ्या दिसतात : आधी पेन्सिलीचे पुसट रेखांकन, जे मुठीपाशी अजून दिसते, मग चमकेच्या दोन जागा सोडून संपूर्ण किटलीवर फिका निळा वॉश, तो वाळल्यावर सावलीच्या बाजूला दुसरा, अधिक गडद थर, आणि तो ओला असतानाच शेजारची करडी पार्श्वभूमी, म्हणून तिथली कडा हरवली, सर्वांत शेवटी त्या तीन गडद जागा आणि टवक्याखालचा तपकिरी लोखंडी ठिपका. एवढेच. जितके थर कमी तितका कागदाचा उजेड शाबूत राहतो. पुन्हा पुन्हा घासलेल्या जागी खालचा रंग सुटून वरच्यात मिसळतो आणि चिखल होतो, जो नव्या डोळ्यालाही खटकतो, फक्त का खटकला ते सांगता येत नाही.

घडण तपासा, पण फूटपट्टी लावू नका

गोल भांड्याची तोंडे आणि बुडे चित्रात लंबवर्तुळे होतात. डोळा वस्तूच्या वर असेल तर बुडाचे लंबवर्तुळ झाकणाच्या लंबवर्तुळापेक्षा अधिक फुगीर दिसायला हवे, कारण ते नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असते. हे बिघडले की किटली टेबलावर बसत नाही, घसरू पाहते. बुडाखालची पडछाया स्पर्शाच्या जागी सर्वांत गडद आणि दूर जाताना मऊ होते का, हेही पाहावे. वस्तूला वजन तिथून येते.

तरीही प्रत्येक वाकडेपणा ही चूक नसते. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने सुमारे १९०० ते १९०६ या काळात केलेले निळ्या भांड्याचे मोठे जलरंगचित्र लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. त्यात पेन्सिलीच्या आणि रंगाच्या रेषा एकाच कडेभोवती अनेकदा फिरतात, जणू डोळा प्रत्येक वेळी थोडा वेगळ्या जागेवरून पाहतो आहे, आणि पांढऱ्या चंबूचा भाग तर बऱ्याच अंशी कोरा कागदच आहे. लंबवर्तुळाचा नियम घेऊन त्या चित्राकडे गेलात तर हाती काही लागणार नाही.

चित्र कशासाठी केले होते ते विचारा

घरगुती वस्तूंच्या जलरंगचित्रांत दोन टोके असतात. एका टोकाला नोंद आहे. अमेरिकेत १९३५ ते १९४२ या काळात, मंदीत बेकार झालेल्या कलाकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेचा भाग म्हणून 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन' हा उपक्रम चालला. शेकडो चित्रकारांनी मातीची भांडी, खेळणी, रजया, फर्निचर, कुलुपे अशा जुन्या वस्तू जलरंगांत टिपल्या. अशी सुमारे १८,००० चित्रे आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. त्या काळच्या रंगीत छायाचित्रणावर रंगांच्या अचूकतेबाबत विसंबता येत नव्हते, म्हणून हे काम ब्रशवर सोपवले गेले. यातल्या कित्येक चित्रांत वस्तू कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटी असते आणि तिच्यावरचा ओरखडासुद्धा निष्ठेने उतरवलेला असतो. चित्रकाराने स्वतःला मागे ठेवायचे, हीच तिथली शिस्त, आणि अशा चित्रापुढे "हुबेहूब" हा शब्द खरोखर प्रशंसेचा ठरतो.

दुसऱ्या टोकाला इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांडी आहे. बोलोन्यात राहून त्याने आयुष्यभर त्याच त्या बाटल्या, डबे आणि भांडी रंगवली, आणि १९६४ मध्ये मृत्यू येण्यापूर्वीच्या काही वर्षांत तो जलरंगाकडे अधिक वळला. त्या उतारवयातल्या चित्रांत कधी कधी बाटली रंगवलेलीच नसते; दोन सावल्यांमध्ये कोरा राहिलेला कागद म्हणजे बाटली. ओरखडे मोजायला निघालेल्या प्रेक्षकाला ती अपुरी वाटतील. माझी किटली या दोन टोकांच्या कुठेतरी मध्ये आहे : टवका नोंदीसारखा नेमका आहे, पण सावलीतली कडा हरवू दिली आहे. चित्र कोणत्या टोकाकडे झुकते ते आधी ठरवावे आणि त्याच मापाने ते मोजावे.

एकदा स्वतः करून पाहा

यासाठी चित्रकला यावी लागत नाही. एक मग किंवा पेला खिडकीशी ठेवा, एकच रंग घ्या, जाडसर कागद घ्या आणि फक्त चमकेची जागा सोडून उरलेला पेला एका वॉशमध्ये भरा. अर्ध्या तासात तीन गोष्टी हाताला कळतील. चमक सोडायची हे माहीत असूनही ब्रश तिच्यावरून जातो. ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर फिका पडतो. आणि वॉश वाळेपर्यंत हात बांधून बसणे हे या माध्यमातले सर्वांत अवघड काम आहे. माझ्या पहिल्या प्रयत्नात पेला भिजलेल्या पोतेऱ्यासारखा दिसत होता. पण त्यानंतर भिंतीवरच्या किटलीतली ती निळी फट पाहताना माझा श्वास थोडा अडकतो, जो आधी अडकत नव्हता.

पाहून झाल्यावर चार ओळी लिहून ठेवाव्यात, आणि त्यांत "सुंदर", "जिवंत", "अप्रतिम" हे शब्द येऊ देऊ नयेत. "तोटीची वरची कडा कठीण, खालची ओल्यात सुटलेली, सावलीत निळे-तांबूस कण वेगळे" अशी टिपणे महिन्याभराने पुन्हा त्याच चित्रापुढे उभे राहिल्यावर फार उपयोगी पडतात.

आज दिसतो तो रंग पहिल्या दिवशीचा आहे का, ते पाहा

ही पायरी बहुतेक प्रेक्षक गाळतात. काही रंगद्रव्ये प्रकाशात टिकतात, काही टिकत नाहीत. कार्माइनसारखे जुने लाल आणि पातळ वॉशमधला अलिझरिन क्रिमझन ही फिके पडणाऱ्यांतली नेहमीची नावे. प्रकाशामुळे जलरंग किती उडतात याचा पद्धतशीर अभ्यास रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये करून १८८८ मध्ये त्याचा अहवाल दिला. प्रकाशाबरोबर हवा आणि ओलावा यांचाही त्यात हात असतो, हे त्यांनी दाखवले. म्हणून घरी जलरंगचित्र असेल तर ते थेट उन्हात आणि ओलसर भिंतीवर लावू नये, काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवती बसवलेल्या, मध्ये खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची, जाडी असावी आणि माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचा असावा.

माझ्या किटलीखालच्या पडछायेचा थंड, निळसर करडा रंग मला वर्षानुवर्षे आवडत आला होता आणि त्या संयमाचे कौतुक मी लेखीही केले होते. गेल्या वर्षी माउंट पिवळा पडला म्हणून फ्रेम उघडली. पडछाया उजवीकडे माउंटच्या खाली बोटभर पुढे जात होती, आणि त्या झाकलेल्या पट्टीत ती करडी नव्हती. पिकलेल्या जांभळासारखी, उबदार जांभळट होती. उघड्या भागातला लाल केव्हाच उडून गेला होता. चित्रकाराने थंड सावली रंगवलीच नव्हती. नवा माउंट मी थोडा रुंद खिडकीचा करून घेतला, म्हणजे ती पट्टी आता बाहेर दिसते, आणि चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवरून काढून या टेबलासमोर आणले, जिथे दिवसाचा थेट उजेड पोहोचत नाही.